घन पदार्थांच्या कसोटीवर अनिश्चिततेचे तत्त्व

अनिश्चिततेचे तत्त्व एका असमानतेच्या रूपात लिहिले जाते. कणाच्या स्थानातला फैलाव आणि त्याच्या संवेगातला फैलाव यांचा गुणाकार एका ठरावीक संख्येच्या खाली जाऊ शकत नाही. ही संख्या म्हणजे सुमारे 5.3 गुणिले 10 चा उणे 35 वा घात, एकक जूल-सेकंद. वर्नर हायझेनबर्ग यांनी 1927 मध्ये हा विचार मांडला, त्याच वर्षी केनार्ड यांनी त्याची काटेकोर गणिती सिद्धता दिली आणि 1929 मध्ये रॉबर्टसन यांनी ती परस्परांशी न जुळणाऱ्या कोणत्याही दोन राशींसाठी व्यापक केली.

संख्या इतकी लहान असल्याने तिचा परिणाम कुठे जाणवेल हे वस्तूच्या वस्तुमानावर ठरते. एक मिलिग्रॅमचा कण एक मायक्रोमीटर जागेत बंदिस्त केला, तर त्याच्या वेगातली अटळ अनिश्चितता मीटर प्रति सेकंदात लिहिताना दशांश चिन्हानंतर बावीस शून्ये लिहून मग पहिला आकडा येतो. इलेक्ट्रॉन अणूएवढ्या जागेत, म्हणजे एका मीटरच्या दहा अब्जाव्या भागात कोंडला, तर हीच अनिश्चितता सेकंदाला 580 किलोमीटरवर जाते. या दोन टोकांच्या मधल्या प्रदेशात घन पदार्थ येतात: स्फटिकातले अणू, अतिसंवाहक धातूंची सूक्ष्म मंडले, काही मायक्रोमीटर लांबीच्या कंप पावणाऱ्या दांड्या. अनिश्चिततेच्या तत्त्वाच्या सर्वांत बोलक्या कसोट्या याच प्रदेशात झाल्या आहेत, आणि त्यांतला काही भाग तुर्भे, कुलाबा आणि तारापूर या महाराष्ट्रातल्या ठिकाणांशी थेट जोडलेला आहे.

कसोटी कशाची, हे आधी नीट ठरवावे लागते. एकाच नावाखाली तीन वेगळी विधाने वावरतात. पहिले विधान वस्तूच्या अवस्थेबद्दल आहे: कोणीही मापन केले नाही तरी स्थान आणि संवेग दोन्ही एकदम नेमके असू शकत नाहीत. दुसरे विधान मापनाबद्दल आहे: स्थान जितके बारकाईने मोजावे तितका मापनाचा धक्का संवेगाला बसतो. तिसरे विधान ऊर्जा आणि काळ यांच्याबद्दल आहे: जी अवस्था अल्पकाळ टिकते तिची ऊर्जा नेमकी नसते. केनार्ड आणि रॉबर्टसन यांची सिद्धता पहिल्या विधानाची आहे. दुसऱ्याला वेगळे गणित लागते. तिसऱ्यात तर काळ ही स्थानासारखी मोजण्याची राशीच नसल्याने त्याचा नेमका अर्थ 1945 मध्ये मान्डेलश्ताम आणि ताम यांनी वेगळा मांडला. लोकप्रिय लेखनात ही तिन्ही विधाने सर्रास एकमेकांत मिसळली जातात आणि त्यातून बराच गोंधळ होतो. प्रयोगशाळेत मात्र प्रत्येकाची परीक्षा स्वतंत्रपणे घ्यावी लागते.

आणखी एक गोष्ट. असमानतेची कसोटी म्हणजे ती मोडते का हे पाहणे एवढेच नव्हे. खऱ्या उपकरणात गोंगाट इतका असतो की गुणाकार मर्यादेच्या हजारपट, लाखपट मोठा येतो, आणि असमानता पाळली गेली असे म्हणण्यात काहीच हशील नसते. खरी कसोटी म्हणजे बाकी सगळा गोंगाट काढून टाकत त्या मर्यादेपर्यंत पोहोचणे, आणि तिथे निसर्ग नेमका तेवढ्याच आकड्यावर थांबतो का हे पाहणे.

शून्य तापमानावरची हालचाल

पहिल्या विधानाचा सर्वांत सरळ परिणाम असा की स्फटिकातला अणू कधीच स्वस्थ बसू शकत नाही. तो जर आपल्या जागी अगदी स्थिर असता, तर त्याचे स्थानही नेमके ठरले असते आणि संवेगही शून्य ठरला असता. म्हणून निरपेक्ष शून्य तापमानालाही त्याला थोडी हालचाल, थोडी ऊर्जा शिल्लक ठेवावीच लागते. हिला शून्यबिंदू कंपन म्हणतात. जाळीच्या प्रत्येक कंपनप्रकाराच्या वाट्याला अर्ध्या पुंजाइतकी ऊर्जा येते.

ही कसोटी प्रथम लागली ती मिठाच्या स्फटिकावर. वसईच्या मिठागरांत समुद्राचे पाणी आटून जे दाणे उरतात त्यांची आतली रचना खाणीतल्या सैंधवासारखीच असते: सोडियम आणि क्लोरीन यांचे आयन आळीपाळीने, घनाकार जाळीत. या जाळीवरून क्ष-किरण परावर्तित होतात तेव्हा त्यांची तीव्रता आयन किती हलतात यावर अवलंबून असते. आयन जितके हलतात, तितके परावर्तन फिके. 1913 च्या सुमारासच पीटर डेबाय यांनी दाखवले होते की शून्यबिंदू ऊर्जा खरोखर असेल, तर तापमान कितीही खाली नेले तरी हा फिकेपणा पूर्णपणे जाणार नाही. 1928 मध्ये जेम्स, वॉलर आणि हार्ट्री या तिघांनी सैंधवाच्या स्फटिकाची मापने आणि आयनांमधल्या इलेक्ट्रॉनांच्या मांडणीचे गणित एकत्र आणले. अर्ध्या पुंजाची ऊर्जा धरली तर दोन्ही जुळत होते, सोडली तर जुळत नव्हते. पुंजयांत्रिकी जेमतेम तीन वर्षांची होती, आणि तिच्या सर्वांत विचित्र वाटणाऱ्या निष्कर्षाला साध्या मिठाने दुजोरा दिला.

मिठात ही हालचाल शेजारच्या आयनांमधल्या अंतराच्या दोन-चार टक्केच असते. हेलियममध्ये ती याच अंतराच्या पाव ते तिसऱ्या हिश्शापर्यंत जाते, कारण हेलियमचा अणू हलका आहे आणि त्याला धरून ठेवणारे आकर्षण अगदी दुबळे. परिणाम असा की हेलियम वातावरणाच्या दाबाखाली गोठतच नाही. निरपेक्ष शून्याजवळही तो द्रवच राहतो आणि स्फटिक हवा असेल तर सुमारे 25 वातावरणांचा दाब द्यावा लागतो. अतिशीत प्रयोगशाळांत शीतक म्हणून द्रव हेलियम वापरता येतो तो याच गुणामुळे. म्हणजे अनिश्चिततेची परीक्षा घेणारी उपकरणे थंड ठेवणारा पदार्थही तिच्यामुळेच द्रव राहिलेला असतो.

क्ष-किरणांपेक्षा अधिक खोलवरचा पुरावा न्यूट्रॉनांनी दिला. मंदगती न्यूट्रॉन स्फटिकावर आदळला की तो जाळीला एक कंपनपुंज, म्हणजे फोनॉन, देऊन जातो किंवा जाळीतला एक फोनॉन उचलून घेतो. दिले तर न्यूट्रॉन मंदावतो, घेतले तर वेगवान होतो. तापमान उतरत जाते तसे जाळीतले फोनॉन कमी होतात आणि घेण्याच्या घटना विरळ होत शून्याकडे जातात. देण्याच्या घटना मात्र थांबत नाहीत. शून्यबिंदू अवस्थेतून काहीही उचलता येत नाही, तिला देता मात्र येते. दोन्ही बाजूंची ही असमान तीव्रता म्हणजे शून्यबिंदू हालचालीची सहीच. साधी, उष्णतेने होणारी थरथर असती तर देणे आणि घेणे सारखेच असते.

या तंत्राचे जनक बर्ट्राम ब्रॉकहाऊस कॅनडात चॉक रिव्हर येथे काम करत होते. 1950 च्या दशकाच्या उत्तरार्धात भारतीय अणुऊर्जा कार्यक्रमातले तरुण भौतिकशास्त्रज्ञ पी. के. अय्यंगार तिथे गेले आणि दोघांनी मिळून जर्मेनियमच्या जाळीतल्या कंपनांचा न्यूट्रॉनांच्या साह्याने अभ्यास केला. 1957 आणि 1958 मध्ये प्रसिद्ध झालेले हे निबंध या शाखेतले पायाभूत काम मानले जातात. ब्रॉकहाऊस यांना 1994 मध्ये नोबेल मिळाले. अय्यंगार परतले ते तुर्भ्याला, जिथे 4 ऑगस्ट 1956 रोजी अप्सरा अणुभट्टी सुरू झाली होती. 1960 मध्ये सायरस आणि 1985 मध्ये ध्रुव या भट्ट्या आल्यावर न्यूट्रॉनांचे झोत अधिक तीव्र झाले आणि तुर्भे हे आशियातले न्यूट्रॉन-विकिरणाचे एक प्रमुख केंद्र बनले. वर्णपटमापी तिथल्याच कार्यशाळांत घडवले गेले. स्वतंत्र होऊन दहा वर्षेही न झालेल्या देशाने पुंजयांत्रिकीच्या मुळाशी जाणाऱ्या प्रयोगांत इतक्या लवकर हात घातला, ही गोष्ट मराठी विज्ञानलेखनात जितकी सांगितली जायला हवी तितकी सांगितली गेलेली नाही.

तारापूरचे इंधन आणि रेषेची रुंदी

मनोरच्या पश्चिमेला, बोईसरच्या पलीकडे समुद्रकाठी तारापूरचे अणुऊर्जा केंद्र आहे. उकळत्या पाण्याच्या पहिल्या दोन भट्ट्या 1969 मध्ये वीज देऊ लागल्या; जड पाण्याच्या, प्रत्येकी 540 मेगावॉटच्या दोन भट्ट्या 2005 आणि 2006 मध्ये जोडल्या गेल्या. चारही भट्ट्यांच्या इंधनातला बहुतांश युरेनियम 238 वस्तुमानांकाचा असतो. तो न्यूट्रॉन गिळतो, पण सर्व ऊर्जांचे नव्हे. 6.67 इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेच्या आसपासचा न्यूट्रॉन तो प्रचंड हावरेपणाने गिळतो. याला अनुनाद म्हणतात.

हा अनुनाद एका नेमक्या ऊर्जेवर नसून पट्ट्यासारखा पसरलेला असतो, आणि या पसाऱ्याला दोन कारणे आहेत. दोन्ही कारणांत अनिश्चिततेचा हात आहे.

पहिले कारण म्हणजे वर सांगितलेले तिसरे विधान. न्यूट्रॉन गिळल्यावर तयार होणारे उत्तेजित केंद्रक क्षणभरच टिकते. अनुनादाची नैसर्गिक रुंदी सुमारे 0.025 इलेक्ट्रॉनव्होल्ट आहे. त्यावरून आयुर्मान काढले तर ते सेकंदाच्या चाळीस लाख कोटीव्या भागाच्या आसपास येते. इतका छोटा काळ इथे घड्याळाने थेट मोजला जात नाही. रुंदी हेच त्याचे घड्याळ.

दुसरे कारण अधिक मनोवेधक आहे. युरेनियमचे अणू इंधनाच्या स्फटिकात थरथरत असतात, त्यामुळे समोरून येणाऱ्या न्यूट्रॉनाची ऊर्जा कधी थोडी जास्त, कधी थोडी कमी भासते. खोलीच्या तापमानाला या डॉप्लर परिणामाने आलेली रुंदी सुमारे 0.05 इलेक्ट्रॉनव्होल्ट, म्हणजे नैसर्गिक रुंदीच्या दुप्पट असते. इंधन तापले की ती आणखी वाढते, अनुनादात अधिक न्यूट्रॉन गिळले जातात आणि साखळी प्रक्रिया आपोआप मंदावते. भट्टीच्या सुरक्षिततेची ही पहिली, कोणाच्याही हाताची वाट न पाहणारी फळी आहे.

1939 मध्ये, अणुभट्टी अस्तित्वात येण्याच्याही आधी, विलिस लॅम यांनी हे गणित स्फटिकासाठी केले. त्यांना आढळले की स्फटिकातला अणू मोकळ्या वायूतल्या अणूसारखाच वागतो, फक्त वायूचे तापमान खऱ्या तापमानापेक्षा थोडे जास्त धरावे लागते. हे जास्तीचे तापमान शून्यबिंदू कंपनातून येते. स्फटिक कितीही थंड केला तरी हे परिणामी तापमान शून्यावर उतरत नाही. अनुनादांच्या गणितात आजही लॅम यांचे हे परिणामी तापमान वापरले जाते. फरक थंड इंधनात काही अंशांचा असतो आणि भट्टी पूर्ण तापल्यावर नगण्य होतो, कारण तेव्हा उष्णतेची थरथर शून्यबिंदू हालचालीला झाकून टाकते. आकडा लहान असला, तरी अनिश्चिततेचे तत्त्व अभियंत्यांच्या हिशेबात प्रत्यक्ष उतरल्याचे हे ठोस उदाहरण आहे.

लॅम यांचे हेच गणित पुढे रुडॉल्फ मॉसबाउर यांच्या हाती आले. त्यांनी 1958 मध्ये दाखवले की स्फटिकात घट्ट बसलेले केंद्रक गॅमा किरण सोडताना कधी कधी अजिबात मागे हटत नाही. धक्का संपूर्ण स्फटिक सोसतो. अशा किरणाची ऊर्जा विलक्षण नेमकी असते. 57 वस्तुमानांकाच्या लोहाच्या 14.4 किलोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या किरणाचे उदाहरण घ्यावे. ही अवस्था सरासरी 141 नॅनोसेकंद टिकते. तिसरे विधान खरे असेल तर रेषेची रुंदी 4.7 गुणिले 10 चा उणे 9 वा घात इतके इलेक्ट्रॉनव्होल्ट यायला हवी. आयुर्मान इलेक्ट्रॉनिक घड्याळाने मोजता येते, रुंदी स्रोत सेकंदाला मिलिमीटरच्या अंशाने पुढे-मागे हलवून मोजता येते, म्हणजे दोन्ही राशी स्वतंत्रपणे हाती येतात, आणि त्या जुळतात.

1960 मध्ये च्येन-श्युंग वू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याहून सूक्ष्म परीक्षा घेतली. केंद्रक उत्तेजित झाल्याचा क्षण टिपून त्यांनी लवकर सुटलेले किरण आणि उशिरा सुटलेले किरण वेगळे मोजले. लवकरच्या किरणांनी दिलेली रेषा रुंद होती, उशिराच्यांची अरुंद. जितका कमी वेळ हाताशी, तितकी ऊर्जा अनिश्चित. संपूर्ण समूहाची सरासरी जे झाकते ते काळाच्या तुकड्यांत उघडे पडले.

त्याच लोहाच्या स्फटिकात पहिल्या विधानाचीही खूण दिसते. निरपेक्ष शून्यालाही सगळे किरण धक्क्याविना सुटत नाहीत. धातुरूप लोहासाठी डेबाय यांच्या प्रतिमानाने काढले तर सुमारे सात टक्के किरण तेव्हाही जाळीला फोनॉन देऊनच बाहेर पडतात. अणू आपल्या जागी पूर्ण स्थिर असता तर हा आकडा शून्य झाला असता.

विद्युतभार विरुद्ध कला

आतापर्यंतच्या प्रयोगांत अनिश्चितता निसर्गाने ठरवून दिलेली होती; प्रयोगकर्ता ती वाचत होता, बदलू शकत नव्हता. ती हवी तशी एका राशीतून दुसरीत सरकवण्याची सोय अतिसंवाहकांनी दिली.

अतिसंवाहक धातूत इलेक्ट्रॉन जोडीजोडीने फिरतात आणि सर्व जोड्या मिळून एकच तरंग बनवतात. या तरंगाची कला आणि जोड्यांची संख्या या दोन राशी स्थान-संवेगासारख्याच एकमेकींना बांधलेल्या असतात. संख्या पक्की असेल तर कला धूसर, कला पक्की असेल तर संख्या धूसर. ब्रायन जोसेफसन यांनी 1962 मध्ये दाखवले की दोन अतिसंवाहकांमध्ये पातळ विद्युतरोधक थर ठेवला तरी त्यातून कोणत्याही व्होल्टेजविना प्रवाह वाहू शकतो, आणि तो दोन्ही बाजूंच्या कलांमधल्या फरकावर अवलंबून असतो. या रचनेला जोसेफसन जोड म्हणतात.

नेदरलँड्समधल्या डेल्फ्टच्या एलियन, माटर्स, गायगेनम्युलर आणि मोई या चौघांनी 1994 मध्ये हे नाते थेट दाखवले. अशा प्रयोगाचा गाभा म्हणजे धातूचे एक इवलेसे बेट. त्याची धारिता एक फेम्टोफॅरडच्या आसपास असेल तर एका जादा इलेक्ट्रॉनासाठी लागणारी ऊर्जा सुमारे एक केल्विन तापमानाइतकी होते. म्हणून उपकरण एक केल्विनच्या बरेच खाली न्यावे लागते, नाहीतर उष्णताच जोड्यांना आत-बाहेर ढकलत राहील. शेजारी एक विद्युतद्वार असते. त्याच्या व्होल्टेजने बेटावर किती भार सुखाने बसेल हे ठरते. द्वार असे लावले की पूर्ण जोड्यांची एकच संख्या स्वस्त पडावी, तर संख्या पक्की होते, कला धूसर होते आणि बेटातून जाऊ शकणारा अतिसंवाहक प्रवाह घटतो. द्वार दोन संख्यांच्या बरोबर मधोमध आणले, तर एक जोडी आत आहे की बाहेर हे ठरतच नाही. संख्या धूसर, कला पक्की, प्रवाह जास्त. व्होल्टेज बदलत नेले की प्रवाह ठरावीक अंतराने चढतो आणि उतरतो. अनिश्चितता एका राशीतून काढून दुसरीत भरण्याचे काम इथे एका साध्या व्होल्टेजने होते, आणि ती भरली गेल्याची पावती अँमीटरवर मिळते. घन पदार्थांतल्या सगळ्या कसोट्यांमध्ये इतकी स्वच्छ दुसरी क्वचितच सापडेल.

अशी मंडले पुंजयांत्रिक वस्तूप्रमाणे वागतात याचा भक्कम पुरावा त्याआधी, 1984-85 मध्ये, जॉन क्लार्क, मिशेल देवोरे आणि जॉन मार्टिनिस यांनी बर्कलीत दिला होता. त्यासाठी तिघांना 2025 चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले.

मापनाचा धक्का

दुसऱ्या विधानाची परीक्षा सर्वांत अवघड, कारण तिथे मापन करणारे उपकरणच प्रयोगाचा विषय होते. त्याचा स्वतःचा गोंगाट पुंजमर्यादेपर्यंत खाली आणल्याशिवाय धक्का दिसत नाही.

कीथ श्वाब यांच्या गटाने सिलिकॉन नायट्राइडची सुमारे आठ मायक्रोमीटर लांबीची दांडी घेतली, जी सेकंदाला दोन कोटी वेळा कंप पावते. तिची शून्यबिंदू हालचाल 20 फेम्टोमीटरच्या आसपास, म्हणजे युरेनियमच्या केंद्रकाच्या व्यासापेक्षा किंचित जास्त. दांडीशेजारी एक इलेक्ट्रॉन मोजणारा अतिसंवाहक ट्रान्झिस्टर बसवून तिचे स्थान वाचले गेले. 2004 मध्ये हा गट पुंजमर्यादेच्या 4.3 पटीपर्यंत पोहोचला. 2006 मध्ये धक्काच हाती लागला. त्या निबंधाचे पहिले लेखक होते अक्षय नाईक, जे पुढे बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्राध्यापक झाले. ट्रान्झिस्टरमधून जाणारे इलेक्ट्रॉन दांडीला सतत ढकलत होते, जणू ती एका वेगळ्या तापमानाच्या स्नानात बुडवली आहे. ट्रान्झिस्टर विशिष्ट बिंदूवर लावला तर हाच धक्का दांडीला थंड करत होता: 550 मिलिकेल्विनवरून 300 पर्यंत. मापनाने वस्तू विस्कटते एवढेच सर्वांच्या मनात ठसलेले असताना इथे मापनानेच वस्तू शांत करून दाखवली.

त्यानंतर वेग वाढला. 2010 मध्ये सांता बार्बारात सहा गिगाहर्ट्झने कंपणारा एक पत्रा निव्वळ शीतनाने शून्यबिंदू अवस्थेत उतरला. 2012 मध्ये कॅलटेकच्या गटाने सिलिकॉनच्या सूक्ष्म दांडीवर लेझर टाकून देण्याच्या आणि घेण्याच्या प्रकाशरेषांची असमान तीव्रता मोजली. तुर्भ्याच्या न्यूट्रॉनांना जाळीत जे दिसत होते तेच इथे माणसाने घडवलेल्या एका दांडीत दिसले. 2015 मध्ये श्वाब यांच्याच गटाने हालचालीच्या एका अंगातला फैलाव शून्यबिंदू पातळीच्याही खाली, सुमारे वीस टक्क्यांनी दाबला. दुसऱ्या अंगातला फैलाव त्या प्रमाणात फुगला. गुणाकार मर्यादेच्या खाली गेला नाही. 2021 मध्ये फिनलंडच्या आल्टो विद्यापीठात आणि अमेरिकेच्या मानक संस्थेत दोन सूक्ष्म पडदे परस्परांशी पुंजगुंतलेल्या अवस्थेत आणले गेले. फिनलंडच्या प्रयोगात दोन्ही पडद्यांच्या मिळून बनणाऱ्या राशी अशा निवडल्या की मापनाचा धक्का मोजायच्या राशीला लागूच नये. अशा राशी एकमेकींशी जुळणाऱ्या असतात, म्हणून तत्त्व त्यांना आड येत नाही. धक्का नाहीसा झालेला नसतो, तो न मोजल्या जाणाऱ्या राशींकडे वळवलेला असतो.

कुलाब्याचे प्रवर्धक

मुंबईत कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. विजयराघवन यांची प्रयोगशाळा याच प्रश्नाच्या एका कळीच्या भागावर काम करते. येलमध्ये पीएचडी करताना जोसेफसन जोडांवर आधारलेल्या प्रवर्धकाच्या शोधात त्यांचा वाटा होता. त्यानंतर बर्कलीत असताना 2012 मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह अतिसंवाहक क्युबिटच्या, म्हणजे दोनच पातळ्या वापरणाऱ्या पुंजमंडलाच्या, दोलनांवर सतत हलके मापन करून, मिळालेल्या माहितीवरून त्याला लगेच सावरण्याचा प्रयोग केला. क्युबिटला बसणारा धक्का यादृच्छिक असतो, पण मापनाच्या नोंदीत त्याची संपूर्ण माहिती येत असेल तर तो दुरुस्तही करता येतो. हा निष्कर्ष मूलभूत आहे. मापनाने येणारी अनिश्चितता आणि मापनातून मिळणारी माहिती या एकाच हिशेबाच्या दोन बाजू आहेत.

नोंदीत सगळी माहिती यायची तर संकेत मोठा करणाऱ्या प्रवर्धकाने स्वतःचा गोंगाट कमीत कमी मिसळायला हवा. इथेही अनिश्चिततेचे तत्त्व आडवे येते. संकेताची दोन्ही अंगे सारख्याच प्रमाणात मोठी करणारा कोणताही प्रवर्धक निदान अर्ध्या पुंजाइतका गोंगाट मिसळतोच. कार्लटन केव्ह्ज यांनी 1982 मध्ये ही मर्यादा नेमकेपणाने मांडली. सहा गिगाहर्ट्झच्या सूक्ष्मलहरींसाठी अर्धा पुंज म्हणजे तापमानाच्या भाषेत 0.14 केल्विन. चांगले अर्धवाहक प्रवर्धक काही केल्विनवर अडतात, म्हणजे मर्यादेच्या दहा-वीसपट वर.

जोसेफसन जोडांचे प्रवर्धक या मर्यादेजवळ जातात, पण त्यांची पट्टी फार अरुंद असे. 2015 मध्ये विजयराघवन यांच्या गटाने, तनय रॉय पहिले लेखक असलेल्या निबंधात, प्रवर्धकाला सामोरी जाणारी संबाधा एका विशिष्ट उताराने घडवून ही अडचण ओलांडली: शंभरपट शक्तिवर्धन, 640 मेगाहर्ट्झ रुंद पट्टी आणि गोंगाट पुंजमर्यादेच्या जवळ. निबंधाच्या सहलेखकांत आशीष क्लर्क होते. नाईक यांच्या 2006 च्या निबंधातही सैद्धांतिक बाजू सांभाळणाऱ्यांपैकी ते एक. मापनाच्या धक्क्याचे गणित दांडीसाठी आणि मंडलासाठी एकच आहे, हे या नावांच्या साखळीतूनही दिसते.

त्याच संस्थेत मंदार देशमुख यांचा गट ग्राफीनच्या एका अणूच्या जाडीच्या ताणलेल्या पडद्यांची कंपने अभ्यासतो. 2016 मध्ये देशमुख आणि विजयराघवन यांच्या गटांनी मिळून अशा पडद्यातल्या दोन कंपनप्रकारांचा घट्ट मेळ आणि त्यातून होणारे प्रवर्धन दाखवले. हे काम अजून पुंजमर्यादेवरचे नव्हते; काही केल्विनवर असा पडदा हजारो फोनॉन बाळगतो. पण ग्राफीन इतके हलके असते की त्याची शून्यबिंदू हालचाल जाड दांड्यांपेक्षा बरीच मोठी, म्हणून मोजायला सोयीची पडते, आणि कसोटीसाठी ते उत्तम द्रव्य आहे.

क्युबिटांच्या बाजूने काम पुढे गेले. ऑगस्ट 2024 मध्ये संरक्षण संशोधन आणि विकास संघटनेच्या पुण्यातल्या तरुण शास्त्रज्ञांच्या प्रयोगशाळेने आणि टाटा संस्थेने सहा क्युबिटांच्या अतिसंवाहक प्रक्रियकाची संपूर्ण चाचणी पूर्ण झाल्याचे जाहीर केले. प्रकल्पात टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस ही तिसरी भागीदार. अशा प्रत्येक क्युबिटचे वाचन म्हणजे मापन आणि धक्का यांचा तोच हिशेब असतो. पवईच्या आयआयटीत हिऱ्यातल्या नायट्रोजन-रिक्तस्थान केंद्रांवर कस्तुरी साहा यांचा गट चुंबकीय क्षेत्रे मोजतो. तिथे मर्यादा येते ती इलेक्ट्रॉनाच्या फिरकीतल्या अनिश्चिततेची. एप्रिल 2023 मध्ये मंजूर झालेल्या राष्ट्रीय क्वांटम मिशनमध्ये क्वांटम संवेदनाचे केंद्र पवईला आले आहे.

मापनाच्या धक्क्याबद्दलचे दुसरे विधान गणिताच्या पातळीवर मात्र बराच काळ ढिले राहिले होते. हायझेनबर्ग यांनी सुचवलेला, मापनातली चूक गुणिले धक्का असा साधा गुणाकार प्रत्येक वेळी मर्यादेच्या वर राहतोच असे नाही, हे 2003 मध्ये मासानाओ ओझावा यांनी दाखवले आणि त्याजागी अधिक संज्ञा असलेली असमानता दिली. 2012 मध्ये व्हिएन्नात न्यूट्रॉनांच्या फिरकीवर आणि टोरंटोत प्रकाशकणांवर तिची परीक्षा झाली. साधा गुणाकार मर्यादेखाली गेला, ओझावा यांची असमानता टिकली. केनार्ड यांच्या सिद्धतेला यातून कोणताही धक्का बसत नाही. ती वस्तूच्या अवस्थेविषयी आहे, उपकरणाच्या चुकीविषयी नाही. काही वर्तमानपत्रांनी तेव्हा हायझेनबर्ग खोटे ठरल्याचे मथळे दिले, ते या दोन विधानांची गल्लत केल्यामुळे.

मापनाच्या या प्रश्नाचे घन पदार्थांतले सर्वांत थेट उत्तर 2016 मध्ये बर्कलीत मिळाले. एकाच अतिसंवाहक क्युबिटवर परस्परांशी न जुळणाऱ्या दोन राशींची हलकी मापने एकाच वेळी चालू ठेवली गेली. एकच राशी मोजली असती तर क्युबिट हळूहळू तिच्या एका निश्चित उत्तरावर येऊन थांबला असता. दोन्ही एकदम मोजल्यावर तो कुठेच थांबला नाही. दोन्ही मापने त्याला आपापल्या दिशेने ओढत राहिली आणि त्याची अवस्था अखंड भटकत राहिली. ही भटकंती क्षणाक्षणाला नोंदवता आली, कारण प्रवर्धक पुंजमर्यादेजवळ काम करत होते. सर्व माहिती नोंदीत येण्याचे प्रमाण मात्र अशा मंडलांत अजून शंभर टक्क्यांवर पोहोचलेले नाही. केबल, सांधे आणि प्रवर्धक मिळून तिचा काही भाग वाटेतच गळतो. पुढच्या कसोट्यांची अचूकता या गळतीवर ठरते, आणि ती कमी करण्यासाठी कुलाब्यासारख्या प्रयोगशाळांत प्रवर्धक क्युबिटच्या अधिकाधिक जवळ, त्याच मिलिकेल्विनच्या थंडीत बसवले जातात.